तास आदळतोय म्हणून विषय सोडायचा का? अकरावीत नव्याने आलेल्यांसाठी

अकरावीचं वेळापत्रक फलकावर लागलं की आठ-दहा दिवसांत स्टाफरूमच्या दाराशी मुलं यायला लागतात. कुणी एकटं येतं, कुणी वडिलांना घेऊन येतं. "सर, बायो सोडलं तर चालेल का?" "सर, गणिताच्या जागी भूगोल मिळेल का?" का सोडायचं, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं: टायमिंग जुळत नाही.

मी सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि बरीच वर्षं विज्ञान-वाणिज्यचं वेळापत्रकही लावतो. विषय सोडून पुढे सुखाने शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. आठवड्यातल्या एका तासासाठी विषय सोडून दोन वर्षांनी त्याच विषयाचं पुस्तक घेऊन परत आलेलीही पाहिली आहेत. दुसऱ्या प्रकारची मुलं कमी व्हावीत, एवढ्यासाठी हे लिहितोय. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. आता मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडची मुलं यादीत नाव लागेल त्या कॉलेजात येतात, आणि कुठल्या विषयाबरोबर कुठला विषय मिळतो हे अनेकांना दाखल झाल्यावरच कळतं. घरात अकरावीला पोचलेलं पहिलंच मूल असेल तर सांगणारंही कुणी नसतं.

आधी कागदावर घ्या

"सगळंच आदळतंय" असं सांगत येऊ नका. काय आदळतंय ते आधी स्वतः बघा. कॉलेजचं छापील वेळापत्रक बाजूला ठेवा आणि स्वतःचं करा. एका मोठ्या कागदावर सोमवार ते शनिवार सहा उभे रकाने पाडा, डाव्या बाजूला सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आडव्या ओळी. त्यात कॉलेजचे तास भरा, प्रात्यक्षिकं तुमच्या बॅचप्रमाणे भरा, क्लास भरा. मग प्रवास भरा, आणि तो खरा भरा. गाडी सुटायची वेळ लिहू नका, घरातून पाय बाहेर पडतो ती वेळ लिहा. घरची कामं असतील तर तीही लिहा, त्यात लाजायचं काही नाही. जिथे एकाच चौकोनात दोन गोष्टी आल्या तो चौकोन लाल करा आणि लाल चौकोन मोजा.

मागे कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून येणारी एक मुलगी असा तक्ता करून घेऊन आली होती. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे रेघा मारलेल्या. बुधवारच्या रकान्यात एक चौकोन बॉलपेनने इतका गिरवलेला, की कागद तिथे फाटायला आला होता. बायोलॉजीचं प्रात्यक्षिक बुधवारी साडेपाचला सुटायचं, घरी पोचायला साडेसहा-पावणेसात. आई विड्या वळते, संध्याकाळी पानं कापायला ही हाताशी लागते. बाकीचे पाच दिवस स्वच्छ होते. लाल चौकोन तो एकच, आणि त्या चौकोनासाठी ती बायोलॉजी सोडायला निघाली होती. जायचं होतं नर्सिंगला. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तिला शुक्रवार दुपारच्या बॅचमध्ये घेतलं. सात रस्त्याजवळ राहणारी त्या बॅचची एक मुलगी बुधवारी यायला लगेच तयार झाली, तिचं घर चालत दहा मिनिटांवर. हजेरीपत्रकात दोन नावं खोडली, दोन लिहिली. पाच मिनिटांत काम झालं. ती विचारायला आली नसती तर ते पाच मिनिटांचं काम झालंच नसतं.

काय हलतं आणि काय हलत नाही

हे कळायला वेळापत्रक लागतं कसं ते थोडं माहीत पाहिजे. आमच्याकडे अजून मोठ्या ड्रॉइंग शीटवर पेन्सिलीने लावतात, शेजारी खोडरबर. आधी प्रयोगशाळा भरतात, कारण केमिस्ट्रीची लॅब एकच आणि तुकड्या तीन-चार. मग तासिका तत्त्वावरचे शिक्षक बसवतात. ते ठरावीक दिवशीच येतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कॉलेजात असतात. मग भाषा आणि ऐच्छिक विषय. उरलेल्या जागांत बाकी सगळं.

त्यामुळे पूर्ण तुकडीचा तास हलवणं फार अवघड. एक तास हलवला की चार शिक्षक आणि दोन लॅब हलतात. प्रात्यक्षिकाची बॅच बदलणं मात्र सोपं, विशेषतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत. बॅचेस बहुतेक हजेरी क्रमांकाने पाडलेल्या असतात, १ ते २०, २१ ते ४० अशा. त्या मागे दुसरं कारण नसतं. अदलाबदलीला तयार असलेलं एक मूल तुम्ही शोधून आणलंत तर शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत.

तुकडी बदलणं मधल्या अवघडपणाचं. जागा असेल तर होतं.

दोन ऐच्छिक विषय एकाच तासाला लागलेले असतील तर गोष्ट वेगळी आहे. ते बहुतेक वेळा मुद्दाम समांतर लावलेले असतात, कारण हे दोन्ही विषय एकच मूल घेणार नाही असं गृहीत धरलेलं असतं. उदाहरणार्थ, गणित आणि भूगोल. असे दोन विषय तुम्हाला एकत्र हवे असतील तर ती जोडी त्या कॉलेजात मिळतच नाही, असा त्याचा अर्थ. तिथे प्रश्न वेळापत्रकाचा उरत नाही, कॉलेजच्या निवडीचा होतो. तो प्रवेशफेऱ्या चालू असताना सोडवलेला बरा.

पण गृहीत चुकतंही. एका वर्षी मीच वाणिज्य शाखेला आयटी आणि कन्नड समांतर लावलं होतं. कन्नड घेणारी मुलं आयटी घेत नाहीत, असा मागच्या काही वर्षांचा अनुभव. त्या वर्षी अक्कलकोटकडून आलेल्या दोन मुलांना दोन्ही हवं होतं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, मुकाट्याने कन्नड सोडून मराठी घेतलं. मला कळलं डिसेंबरात, चाचणीचे पेपर तपासताना. कन्नडमध्ये सहज ऐंशीच्या पुढे जाणारी मुलं मराठीच्या शुद्धलेखनाशी झगडत होती. जुलैत कुणी सांगितलं असतं तर दोन तास अदलाबदल करून ते बसवता आलं असतं. तेव्हापासून वेळापत्रक लागलं की मी प्रत्येक वर्गात जाऊन विचारतो. पण प्रत्येक कॉलेजात कुणी येऊन विचारेलच असं नाही, म्हणून तुम्ही सांगा.

आणखी एक. पहिलं लागलेलं वेळापत्रक कच्चं असतं. शेवटच्या फेरीपर्यंत मुलं येत राहतात, तुकड्या वाढतात, एखादा शिक्षक रुजू होतो, तोवर तीन-चार वेळा बदल होतात. पहिल्या पंधरा दिवसांतल्या वेळापत्रकावरून कुठलाही विषय सोडू नका.

सोडायचा म्हणजे बदलायचा

नव्या पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. "एक विषय कमी करू, पाचच ठेवू, तेवढाच पोराला वेळ मिळेल." राज्य मंडळाच्या बारावीत असं होत नाही. सहा विषय आणि ६०० गुण पुरे करावेच लागतात. शिवाय पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण श्रेणीसाठी असतात. इंग्रजी सक्तीचं. गणित सोडलं तर त्याच्या जागी भूगोल, मानसशास्त्र, आयटी असं जे त्या कॉलेजात चालतं ते घ्यावं लागतं, आणि त्याचेही तास असतात, त्याचीही परीक्षा असते.

म्हणून विषय बदलायचं मनात आलं की तक्त्यावर दोन कामं करा. जाणाऱ्या विषयाचे चौकोन पुसा आणि येणाऱ्या विषयाचे भरा. पुष्कळदा असं दिसतं, की लाल चौकोन बुधवारवरून उठून शनिवारी जाऊन बसला. मग बदलून मिळालं काय?

बायफोकल घेतलेल्यांनी तर आणखी सावध राहायचं. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स असा बायफोकल विषय २०० गुणांचा असतो. तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा घेतो. त्याची प्रात्यक्षिकं जास्त, त्यामुळे तास आदळायचंही जास्त. पण तो सोडला की दोन विषय परत येतात. ऑगस्ट उलटून गेल्यावर दोन नवे विषय पहिल्या धड्यापासून उचलायचे, हे बोलायला सोपं आहे.

क्लासशी आदळत असेल तर

माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहा-सात मुलांचं हेच असतं. दुपारी दोनला क्लासची बॅच, आणि कॉलेजची प्रात्यक्षिकं दुपारीच. पालक म्हणतात, क्लासची फी भरून बसलोय.

यात माझं मत ठाम आहे. क्लासच्या वेळेसाठी कॉलेजचा विषय सोडू नये. बॅच बदला, नाही बदलत तर क्लास बदला. विजापूर रोडपासून अशोक चौकापर्यंत या शहरात क्लासेसना तोटा नाही आणि बहुतेकांच्या सकाळ-संध्याकाळ दोन बॅचेस असतात. कॉलेजची लॅब मात्र एकच असते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तिन्ही विषयांत १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, लेखी ७० चे. ते ३० लॅबमध्ये उभं राहून मिळतात. प्रयोगवहीवर सही लागते, जानेवारी-फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा होते. आपल्याकडे जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली की परीक्षा दारातच आलेली असते, आणि तेव्हा तीन प्रयोगवह्या रात्री जागून उतरवणारी मुलं मी दर वर्षी बघतो. त्यांना केमिस्ट्रीच्या प्रयोगातली ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडायची नळी, धरता येत नाही. अंत्यबिंदूला रंग फिका गुलाबी झाला की थांबायचं असतं, हे वाचलेलं असतं, पण हात थांबत नाही. पाहता पाहता फ्लास्कमधलं सगळं गडद गुलाबी होऊन जातं. मग परीक्षकाकडे बघत राहतात.

त्यात ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. कॉलेज बुडवून क्लास करणाऱ्या मुलाला फॉर्म भरायच्या वेळी हा नियम आठवतो.

फी भरताना एक काळजी घ्या, म्हणजे हा पेच पडतच नाही. कॉलेजचं वेळापत्रक हातात येईपर्यंत क्लासची पूर्ण फी भरू नका. पहिला हप्ता भरा आणि "बॅच बदलून मिळेल" हे पावतीवर लिहून घ्या.

एसटीशी किंवा घराशी आदळत असेल तर

वळसंग, मंद्रूप, बाळे, मोहोळ, तुळजापूर रस्त्यावरची गावं. तिथून येणाऱ्या मुलांचा शेवटचा तास सुटायची वेळ आणि गाडीची वेळ यांचं भांडण वर्षभर चालतं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे गाडी सोडून रिक्षाने जा म्हणणं म्हणजे घरावर नवा खर्च टाकणं. हे शिक्षकांना समजतं. सांगायला या. बॅच बदलता येते, शेवटच्या तासाला दहा मिनिटं आधी सोडण्याची लेखी परवानगी मिळते, एका तासाचा अभ्यास मैत्रिणीच्या वहीवरून भरून काढता येतो. गावातली सात-आठ मुलं एकाच गाडीने येत असतील तर कॉलेजच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या. एकट्याच्या अर्जापेक्षा आठ सह्यांच्या अर्जाकडे लक्ष जातं.

घरात यंत्रमागावर किंवा दुकानात हातभार लावावा लागत असेल तर तेही वर्गशिक्षकांना सांगा. आठवड्यात दोन संध्याकाळी काम आणि चार संध्याकाळी अभ्यास, असं घरच्यांशी बोलून ठरवता येतं. त्यासाठी विषयावर पाणी सोडायची वेळ सहसा येत नाही.

आता खरा प्रश्न: पुढे काय बंद होतं?

वरचं सगळं करूनही तास जुळत नसतील तर विषय बदलायचा विचार जरूर करा. पण आता घड्याळ बाजूला ठेवा. विचार फक्त पुढच्या वाटेचा करा.

डॉक्टर व्हायचं पक्कं असेल, म्हणजे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांपैकी काहीही, तर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि तिथे बायोलॉजीला पर्याय नाही. नीटच्या ७२० गुणांत ३६० बायोलॉजीचे. गणित तिथे विचारत नाहीत. म्हणजे नीटचं पक्कं ठरलेल्या मुलाने गणिताऐवजी हलका विषय घेतला तर त्यात चूक काही नाही. मी गणिताचा शिक्षक असूनही हे सांगतो. फक्त एवढं बघा, की फिजिक्समध्ये लागणारं गणित सुटणार नाही. लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, थोडं कॅल्क्युलस करावंच लागतं.

इंजिनिअरिंगचं पक्कं असेल तर उलट. राज्याच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेला पीसीएम गट, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित. बायोलॉजी सोडलं तरी चालतं. एनडीएमधून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दल किंवा नौदलात जायचं असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवं. लष्कराच्या शाखेला कुठल्याही शाखेची बारावी चालते. २०२१ पासून एनडीएची परीक्षा मुलींनाही खुली झाली. आता दर वर्षी दोन-तीन मुली तरी मला याबद्दल विचारतात, आणि त्यातली एखादी गणित सोडून बसलेली असते.

फार्मसी आणि बी.एस्सी. ॲग्री या दोन्हींना गणित किंवा बायोलॉजी यांपैकी एक असलं तरी चालतं. आपल्या भागात या दोन्हींकडे ओढा मोठा आहे, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं. या वाटेने जायचं असेल तर दोन्ही विषयांचं ओझं वाहण्याची गरज नाही.

काहीच ठरलेलं नसेल तर? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं ठरलेलं नसणं अगदी साहजिक आहे. अशा मुलाने निदान अकरावीची पहिली चाचणी होईपर्यंत दोन्ही विषय ठेवावेत. त्रास होईल, पण तीन महिन्यांत स्वतःचा कल बराचसा कळतो. एक गोष्ट मात्र मनातून काढून टाका: "अकरावीचं काय, बारावीत बघू." सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, आणि बारावीचं गणित अकरावीच्या पायावरच उभं आहे.

वाणिज्यला गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, हा प्रश्न नेहमी येतो. सीए करायला बारावीत गणित असलंच पाहिजे असं नाही. पण सीए फाउंडेशनला क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा पूर्ण पेपर आहे, त्यात व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्र येतं. सीएकडे जाणाऱ्याने गणित सोडलं तर तीच पोळी पुढे एकट्याने लाटायची आहे.

नववीच्या पालकांसाठी थोडक्यात: संपूर्ण संस्कृत की संयुक्त हिंदी-संस्कृत, याने पुढची कुठलीच वाट बंद होत नाही. दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर काढतात. तिथे मुलाला जे आवडतं ते घेऊ द्या.

तास आदळतोय की विषय जड जातोय?

हा प्रश्न मी मुलाला एकट्याला घेऊन विचारतो, पालकांसमोर नाही. "समज, उद्यापासून तो तास सोयीच्या वेळेला आला. मग ठेवशील का गणित?" काही मुलं पटकन "हो सर" म्हणतात. त्यांचा प्रश्न खरंच वेळेचा असतो आणि तो सुटतो. काही मुलं खाली बघतात.

मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमातून दहावी करून आलेल्या मुलांना अकरावी विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं पहिले दोन महिने डोंगरासारखी वाटतात. "सेट्स अँड रिलेशन्स"च्या धड्यात गणित अवघड नसतं, वाक्य अवघड असतं. ते कुणापाशी बोलायची लाज वाटते, आणि "टायमिंग जुळत नाही" म्हणणं सोपं जातं. पोरांनो, यात लाजण्यासारखं काही नाही. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करा, एकात इंग्रजी संज्ञा आणि दुसऱ्यात तुमच्या माध्यमातला शब्द. संच, संबंध, फल. रोज पाच शब्द लिहा. दिवाळीपर्यंत पुस्तक वाचता यायला लागतं. हे करूनही विषय नकोसाच वाटला तर खुशाल बदला, तेव्हा तो निर्णय तुमचा असेल.

ठरलंच तर: कुणाकडे जायचं, काय लिहायचं

आधी वर्गशिक्षक, मग त्या विषयाचे शिक्षक, मग वेळापत्रक बघणारे शिक्षक, शेवटी उपप्राचार्य किंवा पर्यवेक्षक. थेट वरच्या दाराशी गेलात तर तेही तुम्हाला खालीच पाठवतात, त्यात दोन दिवस जातात. तक्ता बरोबर न्या. बोलण्याने जे पटत नाही ते लाल चौकोन बघून पटतं.

अर्ज चार ओळींचा पुरतो:

"मा. उपप्राचार्य यांस, विषय: प्रात्यक्षिकाची बॅच बदलून मिळण्याबाबत. मी अकरावी विज्ञान, तुकडी ब, हजेरी क्रमांक अमुक. माझे जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक बुधवारी सायंकाळी ५.३० ला संपते. त्यानंतर माझ्या गावची एसटी ७.१५ ला आहे. शुक्रवारच्या बॅचमधील हजेरी क्रमांक अमुक ही विद्यार्थिनी अदलाबदलीस तयार असून तिची सही खाली आहे. तरी बॅच बदलून मिळावी, ही विनंती."

विषयच बदलायचा असेल तर कुठला विषय सोडता, कुठला घेता आणि का, हे तिन्ही लिहा, आणि पालकांची सही घ्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी सांगून गेलेल्या मुलाचं नाव जुन्याच विषयाच्या हजेरीपत्रकात राहतं, आणि नव्या विषयाच्या शिक्षकांना ते मूल कोण हेच माहीत नसतं. असं होतं, दर वर्षी होतं.

तारखा पाळा. अकरावीत विषयबदलाची शेवटची तारीख कॉलेज फलकावर लावतं. पहिल्या चाचणीच्या आत बदललं तर मागचं भरून काढता येतं. अकरावीत जे विषय घेतले तेच बारावीत पुढे चालतात. बारावीला गेल्यावर बदलायचे झाले तर कॉलेजमार्फत परवानगीच्या मागे लागावं लागतं, आणि तोवर तास पुढे गेलेले असतात.

सोडलेल्या विषयाकडे परत येता येतं का?

येता येतं, पण वेळ जातो. बारावी पास झाल्यावर राहिलेला एखादा विषय घेऊन मंडळाच्या परीक्षेला बसता येतं. मंडळाच्या अर्जात त्याला "तुरळक विषय" म्हणतात. नीटच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की बारावीत बायोलॉजी नसलेल्या मुलाने नंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून तो जादा विषय म्हणून दिला तरी तो नीटला बसू शकतो. म्हणजे दार कायमचं बंद होत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याने क्लासच्या वेळेसाठी गणित सोडलं होतं. नीटमध्ये मनासारखं झालं नाही, मग इंजिनिअरिंगला जायचं ठरलं. पुढच्या वर्षी तो तुरळक विषय म्हणून गणित देऊन आला. बरोबरीची मुलं पुढे गेलेली, हा दुपारी घरात एकटा बसून अकरावीची त्रिकोणमिती करत होता. आठवड्यातून एकदा माझ्याकडे शंका घेऊन यायचा. पास झाला, चांगल्या गुणांनी झाला. पण ज्या तासासाठी त्याने गणित सोडलं होतं तो मंगळवारचा चौथा तास होता, आणि त्या वर्षी सप्टेंबरात आम्ही तो तास तसाही हलवला होता. तोवर त्याने भूगोल घेतला होता.

प्री-लिस्ट

विषय बदलला असो वा ठेवला असो, शेवटचं काम बारावीत येतं. परीक्षेचे अर्ज बहुधा दिवाळीच्या आसपास कॉलेजातून ऑनलाइन भरले जातात. मग तपासायला प्री-लिस्ट येते, तुमचं नाव, आईचं नाव आणि विषयांचे सांकेतिक क्रमांक असलेली. त्यावर सही करायची असते. मुलं नावाचं स्पेलिंग बघतात आणि सही करून मोकळी होतात. क्रमांकही बघा. फिजिक्स ५४, केमिस्ट्री ५५, बायोलॉजी ५६. विज्ञानाचं गणित ४०, वाणिज्यचं गणित ८८. आणि गणिताच्या जागी ज्यांनी भूगोल घेतलाय त्यांनी तर त्या रकान्यावर बोट ठेवूनच बघा. भूगोल ३९, गणित ४०. टाइप करणाऱ्याचं एक बटण इकडचं तिकडे झालं, की दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या विषयाचा पेपर हॉल तिकिटावर छापून येतो.